बाहेरचा दिवा, आतला ठिपका

वायरिंगच्या शंकांची पत्रं एरवी पंखा, गीझर, फ्रिज अशी चौफेर येतात. या खेपेला मात्र घराबाहेरचे दिवे आणि त्यांच्या स्विचवरचा इंडिकेटर याच विषयावर इतकी साचली आहेत की बाकीच्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागेल. थांबलेल्यांनी रागावू नये.

प्रश्न : ताई, आमच्या घराच्या मागच्या भिंतीवर एक आणि कुंपणालगत दोन असे तीन दिवे आहेत. तिघांना मिळून स्विच एकच, तोही आतल्या खोलीत. तिथून बाहेरचं काही दिसत नाही, त्यामुळे दिवे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जळत राहतात. म्हणून वायरमनकडून लाल ठिपक्याचा स्विच बसवून घेतला. पण बाहेरचे दिवे बंद असले की हा ठिपका पेटतो आणि दिवे लावले की विझतो. स्विच उलटा बसलाय का? फिरवून बसवू का?

उत्तर : फिरवून काही होणार नाही. खटक्याची वरची बाजू खाली येईल आणि ठिपका होता तसाच वागेल. वायरमनचाही बहुधा दोष नाही. तुम्हाला हवा होता एक प्रकार आणि बसला दुसरा. समोरून दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात.

तुमच्याकडे बसलाय तो अंधारात स्विच सापडावा म्हणून केलेला प्रकार. त्यातला छोटा निऑन, म्हणजे निऑन वायू भरलेला काचेचा इवलासा दिवा, स्विचच्या दोन टोकांना जोडलेला असतो, म्हणजे एक पाय येणाऱ्या फेजवर आणि दुसरा पाय दिव्याकडे जाणाऱ्या वायरवर. या दिव्याकडे जाणाऱ्या वायरला वायरमन मंडळी ‘हाफ’ म्हणतात, मीही पुढे तेच म्हणेन. स्विच बंद असताना हाफ वायर बाहेरच्या दिव्यातून न्यूट्रलला पोचलेली असते. तेव्हा निऑनच्या एका पायावर फेज, दुसऱ्यावर दिव्यामार्गे न्यूट्रल, आणि तो पेटतो. स्विच चालू केला की दोन्ही पाय एकाच वायरवर आल्यासारखे होतात, मध्ये फरकच उरत नाही, म्हणून विझतो.

तुम्हाला हवाय तो ठिपका हाफ आणि न्यूट्रल यांच्यामध्ये हवा. स्विच चालू झाला, हाफवर फेज आली, ठिपका पेटला. बंद केला, विझला. माझ्याकडे वायरिंग शिकायला येणाऱ्या मुलांना मी इंडिकेटरचं दुसरं काही पाठ करायला लावत नाही. ठिपका कोणत्या दोन वायरींच्या मध्ये आहे तेवढं सांगा, तो कधी पेटेल ते मग तुम्हीच सांगाल. आज आलेल्या जवळजवळ सगळ्या पत्रांचं उत्तर इथेच आहे, तरी एकेक घेते.

आता अडचणीची जागा. तुमच्या स्विचच्या डब्यात न्यूट्रल आहे का? पुष्कळ घरांत स्विचपर्यंत फक्त दोन वायरी उतरवलेल्या असतात, फेज आणि हाफ. न्यूट्रल वरच्या वर दिव्याकडे गेलेला असतो. त्याच डब्यात सॉकेट असेल तर न्यूट्रल आलेला असतो, पण तो सॉकेटच्या सर्किटचा असू शकतो, दिव्यांच्या नव्हे. बोर्ड उघडायच्या आधी मेन बंद करा आणि मीटरने खात्री करून घ्या. ठिपका विझला म्हणजे बोर्डात करंट नाही, असं कधीही धरून चालू नका. फेज आणि संशयित वायर यांच्यात 230 व्होल्ट दिसले म्हणून ती न्यूट्रल ठरत नाही, अर्थच्या वायरशीही तितकेच दिसतात. मेन बंद ठेवून ती वायर वितरण पेटीतल्या कोणत्या पट्टीला जाऊन मिळते ते मीटरच्या बीपने शोधायचं. रंगावर विसंबू नका. डब्यात शेवटची वायर कमी पडली की हाताला येईल त्या रंगाचा तुकडा जोडणारे महाभाग मी भरपूर पाहिलेत.

न्यूट्रल नसेल तर काही जण अर्थला जोडून मोकळे होतात. ठिपका झकास पेटतो, हीच त्यातली मेख. अर्थ ही वायर रोजच्या करंटसाठी नसते. पुढे कुठे ती तुटली तर तिला जोडलेल्या धातूच्या खोक्यांवर याच ठिपक्यातून व्होल्टेज येऊन बसतं. निऑनच्या पायातल्या, करंट अडवणाऱ्या रेझिस्टरमुळे तो करंट एक मिलीअँपिअरच्या आसपास राहील, शिडीवरच्या माणसाला दचकवून खाली पाडायला तेवढा पुरे. शेजारच्या सर्किटचा न्यूट्रल उसना घेणंही नको. एका ठिपक्याने आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारी खटकी) पडणार नाही, पण उद्या कोणी त्याच उसन्या न्यूट्रलवर एखादा दिवा जोडला की ती पडायला लागेल आणि कारण कोणालाच सापडणार नाही. न्यूट्रल त्याच सर्किटचा आणा. पाइपात जागा असेल तर एक वायर ओढणं फार मोठं काम नाही. ओढताना ‘इंडिकेटर केवढासा’ म्हणून बारीक वायर घालू नका. वायरची जाडी तिच्यामागे असलेल्या एमसीबीवरून (करंट जास्त झाला की पडणाऱ्या खटकीवरून) ठरते, ठिपक्यावरून नाही. 6 किंवा 10 अँपिअरची एमसीबी असेल तर बाकीच्या सर्किटला आहे तीच वायर.

जोडणी अशी. वेगळा इंडिकेटर घेतलात तर त्याला दोनच टोकं असतात. एक स्विचच्या बाहेर जाणाऱ्या पेचात, हाफच्या जोडीला, दुसरं न्यूट्रलला. निऑनला उलटसुलट नसतं. अंगातच दिवा असलेल्या स्विचला तीन पेच असतात. येणारी फेज, जाणारी हाफ आणि न्यूट्रलचा तिसरा. स्विचच्या पाकिटावरचा आकृतीचा कागद फेकून देण्याआधी वाचा, कारण न्यूट्रल चुकून हाफच्या पेचात गेला तर स्विच दाबताक्षणी फटाका वाजेल. एक बारीक गोष्ट हाताने काम करणाऱ्यांसाठी. वेगळ्या इंडिकेटरच्या तयार वायरी अगदी बारीक असतात आणि हाफची वायर जाड. दोन्ही एकाच पेचात सरळ घातल्या तर पेच जाड वायरीवर अडतो आणि बारीक वायर मोकळीच राहते. ओढून पाहिली की हातात येते. बारीक वायरीचं तांबं जरा जास्त सोला, दुमडून दुहेरी करा, जाड वायरीच्या तांब्याभोवती पीळ द्या आणि मगच पेच आवळा. आवळल्यावर दोन्ही वायरी वेगवेगळ्या ओढून बघा.

एक शक्यता सांगायची राहिली, आणि ती असेल तर मात्र गंभीर आहे. तुमचा स्विच तीन पेचांचा असेल, न्यूट्रलही नीट जोडलेला असेल आणि तरी ठिपका उलटा वागत असेल, तर स्विच फेजवर नसून न्यूट्रलवर बसवलेला आहे. मग स्विच बंद करूनही बाहेरच्या होल्डरमध्ये फेज कायम असते. स्विच बंद केलाच आहे म्हणून तुम्ही ओल्या अंगणात उभं राहून बल्ब बदलायला जाल. आधी हे तपासून घ्या, ठिपक्याचं नंतर बघू. वायरमनला स्विच बंद ठेवून होल्डरपाशी मोजायला सांगा, आणि मोजणी खिशातल्या पेन-टेस्टरवर नको, मीटरवर.

प्रश्न : बाहेरचे जुने बल्ब काढून एलईडी लावले. स्विचवर छोटा नारिंगी दिवा आहे, तो आधीपासून होता. आता रात्री स्विच बंद असला तरी बाहेरचा एलईडी दर थोड्या वेळाने लुकलुकतो. आई म्हणते, भूत आहे. मी म्हणतो, एलईडी खराब आहे.

उत्तर : दोघांचंही बरोबर नाही, पण आईचं जास्त जवळ आहे. कोणीतरी न दिसता ढकलतंय, हे खरं.

तुमचा ठिपका वरच्या उत्तरातल्या पहिल्या प्रकारचा, म्हणजे स्विचच्या दोन टोकांमधला. पेटायला लागणारा करंट तो बाहेरच्या दिव्यातून खेचतो. साधारण 220 किलोओहमचा रेझिस्टर आणि निऑन धरला तर हा करंट 0.8 मिलीअँपिअरच्या घरात येतो. जुन्या तारेच्या बल्बला त्याचं सोयरसुतक नव्हतं. 60 वॅटचा बल्ब पेटलेला असताना सुमारे 880 ओहमचा असतो, थंड असताना त्याच्याही कितीतरी खाली. एवढ्याशा करंटने त्याच्यावर एक व्होल्टसुद्धा पडत नव्हतं. एलईडीच्या आत मात्र कपॅसिटर असतो. तो हा झिरपणारा करंट साठवत राहतो, पुरेसं व्होल्टेज साठलं की आतलं सर्किट जागं होतं, दिवा चमकतो, साठा संपतो, पुन्हा सुरू. नळाखाली ठेवलेली बादली थेंबाथेंबाने भरावी आणि उलटून जावी, तसं. काही एलईडी लुकलुकत नाहीत, रात्रभर मंद उजेड देत राहतात. कारण तेच.

उपाय दोन. डब्यात न्यूट्रल असेल तर ठिपका स्विचवरून उचलून न्यूट्रलवर न्या. फेज आणि न्यूट्रल यांच्यात लावलात तर तो कायम पेटेल आणि अंधारात स्विच सापडेल. हाफ आणि न्यूट्रल यांच्यात लावलात तर दिवा चालू असल्याचं कळेल. दोन्हींत बाहेरच्या दिव्यातून काही झिरपत नाही. न्यूट्रल नसेल तर दिव्याच्या समांतर बायपास लावतात. हा बहुतेक वेळा एक कपॅसिटरच असतो. 0.1 मायक्रोफॅरडचा घेतला तर 50 हर्ट्झवर त्याचा अडथळा साधारण 32 किलोओहम येतो, ठिपक्याचा करंट तिकडून निघून जातो आणि एलईडीवर जेमतेम 25 व्होल्ट उरतात. त्यावर तो जागा होत नाही. कपॅसिटर एक्स-2 वर्गाचाच, म्हणजे थेट मेनवर लावण्यासाठी केलेलाच हवा, कारण तो रात्रंदिवस मेनवर राहणार आहे. रेडिओ दुरुस्तीच्या डब्यात सापडलेला कुठलाही चालणार नाही. कपॅसिटरऐवजी 10 किलोओहमचा रेझिस्टर लावा असं सांगणारे भेटतील. त्याच हिशेबाने दिवा चालू असताना तो रेझिस्टर पाच वॅटहून जास्त उष्णता बाहेर टाकेल, तीही बंद डब्यात. नकोच. शक्य असेल तर तयार, सीलबंद बायपास घ्या आणि दिव्याच्या जोडणी-पेटीत पाणी शिरणार नाही अशा जागी बसवा.

तिसरा उपाय ठिपकाच काढून टाकण्याचा. फुकटात होतो, आणि तुमच्या घरी भिंतीवर तो नसला तरी चालणार असेल तर मी तोच करेन.

प्रश्न : हा ठिपका स्वतः किती वीज खातो?

उत्तर : निऑन असेल तर 0.2 वॅटहूनही कमी. वर्षभर अखंड पेटता ठेवला तरी दीड-दोन युनिट. त्याच्यासमोर हे ठेवा, 9 वॅटचे तीन दिवे रोज सकाळी 6 पासून संध्याकाळी 6 पर्यंत विसरून जळत राहिले तर वर्षाला सुमारे 118 युनिट जातात. 50 वॅटचा एकच फ्लडलाइट तसाच विसरलात तर 219.

प्रश्न : बाहेरच्या दिव्याला दोन स्विच आहेत, एक पुढच्या दारापाशी, एक मागच्या. जिन्याला असतात तसे, कुठूनही लावा, कुठूनही बंद करा. दोन्हीकडे ‘दिवा चालू आहे’ असं दाखवणारा ठिपका हवा आहे. एका दुकानात सांगितलं की होत नाही.

उत्तर : होतं, पण वायरी वाढतात. टू-वे जोडणीत फेज एका स्विचच्या मधल्या पेचात शिरते आणि हाफ दुसऱ्या स्विचच्या मधल्या पेचातून निघते. दोन्ही स्विचमध्ये दोन वायरी धावत असतात. दिवा चालू असताना यांतल्या कधी एकीवर, कधी दुसरीवर फेज असते, त्यामुळे नुसत्या त्यांच्यावरून दिव्याची स्थिती कळत नाही. खरी हाफ मिळते ती फक्त ज्या बाजूने दिव्याकडे वायर जाते तिथे. त्या बाजूला ठिपका लगेच बसेल, अर्थात न्यूट्रल असेल तर. पहिल्या बाजूला हाफची एक वायर उलट आणावी लागते आणि न्यूट्रल तर लागतोच. भिंत फोडून पाइप टाकायचा असेल तर मी सांगेन, एका बाजूवर समाधान माना, आणि तो ठिपका ज्या दारातून तुम्ही रात्री झोपायला जाताना जाता त्या दारापाशी येईल अशी जोडणी मागा.

आडमार्ग एक आहे. दोन स्विचमध्ये धावणाऱ्या त्या दोन वायरींच्या मध्ये निऑन बसवला तर दिवा बंद असताना तो पेटतो आणि चालू असताना विझतो. हे दोन्ही टोकांना करता येतं आणि न्यूट्रलही लागत नाही. म्हणजे उलट भाषा शिकायची. ठिपका दिसतोय म्हणजे बाहेर अंधार, ठिपका नाही म्हणजे दिवे जळताहेत. घरातल्या सगळ्यांना ही सवय लागेल का, हे तुम्हालाच माहीत. पाहुण्यांना लागणार नाही. शिवाय बाहेर एलईडी असेल तर लुकलुकण्याचं वरचं दुखणं इथेही येईल.

प्रश्न : माझ्या बोर्डावर चालू-बंद बरोबर दाखवणारा लाल इंडिकेटर आहे. तरी फाटकावरचा दिवा कधीतरी गेला होता आणि मला कळलंच नाही, इंडिकेटर रोज इमानदारीत पेटत होता. दिवा खरोखर लागलाय हे दाखवणारा इंडिकेटर मिळतो का? शिवाय दुसऱ्या बाजूला माणूस आला की लागणारा सेन्सरचा दिवा लावायचा आहे, त्यालाही इंडिकेटर हवा.

उत्तर : तुमचा इंडिकेटर त्याचं काम चोख करत होता. तो हाफ आणि न्यूट्रल यांच्यात बसलाय, त्यामुळे हाफवर व्होल्टेज आलं एवढंच तो सांगतो. पुढे बल्ब आहे, उडालाय, की कोणी काढून नेलाय, त्याला कळायचा मार्ग नाही. तो बल्बच्या शेजारून जातो, बल्बमधून नाही.

दिव्यातून करंट वाहतोय का हे बघायचं तर ठिपका रांगेत, म्हणजे दिव्याच्या करंटच्या वाटेतच यावा लागतो. कारखान्यातल्या पॅनेलांत यासाठी करंट ट्रान्सफॉर्मर वापरतात. हाफची वायर एका कड्यातून जाते आणि कड्यावरच्या गुंडाळीत करंटच्या प्रमाणात सिग्नल येतो. मोटरला हे छान जमतं, ती अँपिअरमध्ये खाते. तुमचा 9 वॅटचा एलईडी जेमतेम 40 ते 80 मिलीअँपिअर घेतो, तेवढ्यावर साध्या कड्याला जाग येत नाही. वायरीचे कड्यातून बरेच वेढे घ्यावे लागतात. दुसरी युक्ती हौशी लोक करतात. हाफच्या रांगेत काही डायोड (करंट एकाच दिशेला सोडणारे भाग) एका दिशेने आणि एक उलट्या दिशेने घालतात, डायोडांवर पडणाऱ्या दोनेक व्होल्टवर छोटी एलईडी पेटते. चालते, मी चालताना पाहिली आहे. पण बाहेरच्या दिव्यात कधी शॉर्ट झाला तर एमसीबी पडेपर्यंतचा सगळा झटका त्या डायोडांतून जातो आणि ते तुमच्या लाकडी कपाटामागच्या डब्यात बसलेले असतात. भिंतीतल्या बोर्डासाठी मी हे कोणाला सुचवत नाही.

फाटकाचा दिवा तुम्हाला घरातून दिसत नाही, पण त्याचा उजेड कुठे पडतो? समोरच्या भिंतीवर, झाडाच्या बुंध्यावर, वाटेच्या फरशीवर? तिथलं काही खिडकीतून दिसत असेल तर दिव्याचं तोंड थोडं फिरवून बघा. तुम्ही मागितलेलं काम कुठल्याही इंडिकेटरपेक्षा ते जास्त खात्रीने होईल.

सेन्सरचं गणित वेगळं आहे. तिथे स्विच सेन्सरच्या आधी असतो. तुमच्या बोर्डावरचा ठिपका सांगेल ते ‘सेन्सरला वीज मिळतेय’ एवढंच. दिवा आत्ता लागलाय की नाही ते सेन्सर ठरवतो. आणि खरं तर सेन्सरच्या स्विचवर असा ठिपका असणं फारच उपयोगाचं. हे स्विच सतत चालूच ठेवायचे असतात, पण घरात कोणीतरी शिस्तीचं माणूस असतं, जाता जाता बंद करून जातं. मग आठवडाभर सेन्सर बिघडला म्हणून आरडाओरडा. ठिपका विझलेला दिसला तर निदान कळतं की कोणीतरी शिस्त पाळली आहे.

दिवा प्रत्यक्ष लागल्याचं आत कळायला हवंच असेल तर सेन्सरपासून एक जादा वायर परत आणावी लागेल. सेन्सरला सहसा तीन जोडण्या असतात, येणारी फेज, न्यूट्रल आणि दिव्याला जाणारी. या तिसरीवरून एक वायर बोर्डापर्यंत आणा, दुसरं टोक न्यूट्रलला, मध्ये ठिपका. केबल अजून टाकायची असेल तर आत्ताच एक जादा गाभा असलेली टाका, नंतर जमीन उकरायची वेळ येणार नाही. घेताना सेन्सरच्या आत रिले, म्हणजे विजेने हलणारा छोटा स्विच आहे का विचारा. दिवा लागताना बारीक टक् असा आवाज आला तर रिले आहे. काही सेन्सर रिलेऐवजी ट्रायॅक, म्हणजे न हलणारा इलेक्ट्रॉनिक स्विच वापरतात. ट्रायॅक बंद असतानाही थोडा करंट झिरपू देतो, आणि निऑनला तेवढ्यावर अंधुक पेटायची सवय असते.

प्रश्न : आमचा इंडिकेटर चालू-बंदचाच आहे, न्यूट्रलही बरोबर आहे. पण स्विच बंद केल्यावरही तो अगदी फिका जळत राहतो. पावसात जरा जास्त. बागेच्या टोकाला दिवा आहे, केबल लांब आहे.

उत्तर : ‘पावसात जरा जास्त’ हे तुम्ही लिहिलंत म्हणून बरं झालं, नाहीतर मी तुम्हाला ‘काळजी नको’ म्हणून सोडून दिलं असतं.

लांब केबलमध्ये कायम चालू असलेली फेज आणि बंद हाफ शेजारीशेजारी धावत असतील तर त्या दोघींमध्ये आपोआप एक बारीक कपॅसिटर तयार होतो. त्यातून हाफवर थोडं व्होल्टेज चढतं. निऑन 60 ते 90 व्होल्टच्या आसपास पेट घेतो आणि त्याला अगदी क्षुल्लक करंट पुरतो, म्हणून फिका उजेड. टोकाला तारेचा बल्ब असता तर हे व्होल्टेज त्याने गिळलं असतं, एलईडी गिळत नाही. एवढंच कारण असतं तर ते निरुपद्रवी आहे. पण केबलच्या आतली ही जवळीक पावसाने बदलत नाही. पावसाने बदलतं ते पाणी शिरलेल्या जोडणी-पेटीतलं गळतं इन्सुलेशन.

वायरमनला मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या मीटरने तपासायला सांगा. 500 व्होल्टवर वायरी एकमेकींशी आणि अर्थशी मोजायच्या, आकडा एक मेगाओहमच्या खाली गेला तर सर्किट पास नाही. निरोगी केबल त्याच्या कितीतरी वर दाखवते. मोजण्याआधी इंडिकेटर सोडवायला आणि एलईडी काढायला सांगा, हे पुष्कळ जण विसरतात. इंडिकेटर जागेवर राहिला तर मेगर त्याच्या आतला रेझिस्टरच मोजून दाखवतो आणि चांगली केबलही नापास ठरते. एलईडीचं तर 500 व्होल्टने बारा वाजू शकतात. आणि कोरड्या दुपारी मोजून उपयोग नाही, पाऊस पडून गेल्यावर लगेच बोलवा.

पेटी उघडल्यावर केबल कुठून आत शिरते ते पाहा. वरून शिरत असेल तर पाणी वायरीवरून घरंगळत थेट आत जातं, मग झाकणाला कितीही चांगलं रबर लावा. केबल खालून घ्या, आत जाण्याआधी तिला खाली एक झोल द्या म्हणजे थेंब तिथेच गळून पडेल, ग्लँड, म्हणजे केबल पेटीत शिरते तिथली घट्ट बसणारी टोपी, आवळा. पेटीवर आयपी 65 लिहिलेलं असलं तरी ती पाण्याचा फवारा झेलते, पाण्यात बुडून राहायला ती केलेली नसते. जमिनीलगत, पाणी साचतं तिथे ती असेल तर आधी वर उचला.

प्रश्न : जुना इंडिकेटर फडफडतो आणि काच काळी पडली आहे. स्विच बदलावा लागेल?

उत्तर : निऑनचं आयुष्य संपत आलंय. आतल्या इलेक्ट्रोडचा धातू वर्षानुवर्षं उडून काचेवर बसतो, काच काळवंडते, आणि पेट घ्यायला जास्त व्होल्टेज लागायला लागतं, म्हणून फडफड. धोका नाही. वेगळा इंडिकेटर असेल तर तेवढाच बदला, स्विचच्या अंगातला असेल तर स्विच. नवा घेताना एलईडीचा मिळाला तर हरकत नाही, पण खोलीत कोणी झोपत असेल तर आधी तो अंधारात पेटवून बघा. काही एलईडी ठिपके छतापर्यंत निळा उजेड फेकतात. आणि नुसता निऑन मिळाला म्हणून तोच डकवू नका. त्याच्या पायात रेझिस्टर असतो तो सकट घ्या, रेझिस्टरशिवाय निऑन मेनवर लावला तर क्षणभरात फुटतो.